गांजाच्या दुकानातली यादी

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात किंवा कॅनडातल्या टोरांटोत परवाना असलेल्या गांजाच्या दुकानात गेलं, तर हॉटेलात असते तशी यादी समोर येते. फुलं, तेल, चॉकलेटं, गोळ्या, पेयं, वळून तयार ठेवलेल्या सिगारेटी. प्रत्येक ओळीत एक नाव, एक टक्केवारी आणि एक किंमत. मोठ्या दुकानांत या ओळी शेकड्यांनी भरतात. गिऱ्हाईक गोंधळतं, रांग खोळंबते. म्हणून या याद्या आखून देणारे लोकही आता आहेत. त्यांचा सल्ला साधा असतो. ओळी कमी करा, एका प्रकारचा माल एका जागी लावा, जोर किती ते आकड्यात लिहा, कर धरून किंमत सांगा, नक्षीकाम काढून टाका.

सल्ला चुकीचा नाही. पण तो ऐकताना वाटतं की हा प्रश्न या दहा-बारा वर्षांतला आहे. तसं नाही. भांग, गांजा आणि चरस दुकानात मांडून विकले जात होते तेव्हापासून त्यांना काय नाव द्यायचं, किती प्रकारांत वाटायचं आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हा झगडा चालू आहे. त्या झगड्यात काहिराचे फकीह आहेत, मुंबईचा एक गोरा कलेक्टर आहे, बंगालचे शेतकरी आहेत आणि मोरोक्कोच्या रीफ डोंगरातली गावंही आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कुणी विचारायला नको. नशा हराम आहे, याबद्दल मला काही वेगळं म्हणायचं नाही. पण हराम वस्तूच्या बाजारातही खरं-खोटं असतं. विकणं हा एक गुन्हा; फसवून विकणं हा त्यावरचा दुसरा. आपल्या जुन्या कायदेपंडितांना हा फरक चांगला कळत होता, कारण बाजार त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

इस्लामी शहरांत बाजारावर नजर ठेवणारा अधिकारी असे, मुहतसिब. त्याच्या कामाला हिस्बा म्हणत. आपल्याकडे मुहतसिब म्हटलं की औरंगजेब आठवतो. १६५९ मध्ये त्याने मुहतसिब नेमले, भांगेच्या लागवडीवर बंदी घातली, आणि मग डोळ्यांसमोर येतो तो हातात काठी घेतलेला धर्मरक्षक. पण हिस्ब्याची जुनी पुस्तकं उघडली की त्यात अर्ध्याहून जास्त मजकूर वजनमापांचा आणि भेसळीचा निघतो. बाराव्या शतकातला अश-शैझरी, चौदाव्या शतकातला इब्न अल-उखुव्वा, दोघांनीही मुहतसिबासाठी मार्गदर्शक लिहिले. नानवाई पिठात काय मिसळतो, अत्तार केशरात काय घालतो, सरबतवाला पाकात काय ओततो, औषधविक्या कुठली मुळी कुठल्या नावाने खपवतो, याची त्यात प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. आणि एक व्यवहारी सूचनाही: तपासणी सांगून करू नका, बेसावध वेळी करा. पुढे कोलोरॅडोच्या गोष्टीत ही सूचना आपल्याला पुन्हा लागणार आहे.

गांजाच्या झाडापासून होणाऱ्या नशेची इस्लामी जगातली मोठी चर्चा तेराव्या-चौदाव्या शतकातली. अडचण नावाचीच होती. कुराणात दारूचा उल्लेख आहे, हशीशचा नाही. तेव्हा खाणारे म्हणत, नाव घेतलेलं नाही म्हणजे मनाई नाही. इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी हा युक्तिवाद फेटाळला. जे बुद्धी झाकतं ते दारूच्याच हुकुमात येतं आणि शिक्षाही तीच, असं त्यांचं म्हणणं. त्याच शतकात अझ-झरकशी (मृत्यू १३९२) यांनी हशीशच्या मनाईवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. फ्रान्झ रोझेन्थाल या अभ्यासकाने १९७१ मध्ये या सगळ्या वादावर एक लहानसं पुस्तक लिहिलं. ते वाचताना माझं लक्ष वेधून घेतात ती नावं. कुणी त्याला हिरवी म्हणे, कुणी खुरासानच्या शेख हैदर यांच्यावरून हैदरी. बंदी जितकी कडक, तितकी टोपणनावं जास्त.

इतिहासकार मकरीझी (मृत्यू १४४२) काहिराचा. बाब अल-लूक भागात हशीश पिकवणाऱ्या बागा होत्या. १३७८ च्या सुमाराला सूदून अश-शैखूनी या अमीराने त्या उपटून काढल्या आणि खाणाऱ्यांच्या दाढा उपटण्याची शिक्षा दिली, असं तो सांगतो. पुढे काही वर्षांतच लोक ती उघड खाऊ लागले, हेही तोच सांगतो आणि त्याचा संताप त्या ओळींत लपत नाही. त्यातली एक नोंद मला फार बोलकी वाटते. १३९० च्या दशकात इराणकडून आलेला एक माणूस हशीश मधात मिसळून, त्यात आणखी मुळ्या-बिळ्या घालून, ‘उकदा’ या नावाने गुपचूप विकत असे. म्हणजे गोड वस्तू, नवं गोंडस नाव आणि आत काय किती आहे याचा पत्ता नाही. हा माल सहाशे वर्षांनी पुन्हा बाजारात आला.

बंदीच्या या मालिकेत एक विचित्र नाव आहे ते अब्दुल्ला मनू यांचं. नेपोलियनच्या मिसर मोहिमेतले हे फ्रेंच सेनापती. त्यांनी इस्लाम कबूल केला होता, मिसरी बाईशी निकाह केला होता आणि ऑक्टोबर १८०० मध्ये हशीशची मनाई करणारा हुकूम काढला. त्यात विकण्यावर आणि पिण्यावर दोन्हीवर बंदी होती. परिणाम काहिराच्या अमीराच्या हुकुमाहून फार निराळा झाला नाही.

आता हिंदुस्थानात येऊ. इथे इंग्रजांनी वेगळी वाट धरली. बंद करण्याऐवजी परवाना द्यायचा, कर घ्यायचा. मुंबई प्रांतात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि भांग-गांजाची दुकानंही त्याच्या कक्षेत आली. दुकानांच्या परवान्यांचे लिलाव होत. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, गांजाचं पीक रीतसर घेतलं जाई. आणि दुकानात मिळणाऱ्या मालाची यादी तोंडपाठ व्हावी इतकी लहान होती. भांग म्हणजे पानं, घोटून प्यायची. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे, चिलमीत भरायचे. चरस म्हणजे चीक; तो उत्तरेत जास्त, यारकंदहून लेहमार्गे पंजाबात उतरणारा. मिठाई हवी असेल तर माजूम. आजचा कुठलाही आखणीकार या यादीला नावं ठेवणार नाही. तीन-चार ओळी, प्रत्येक ओळीत झाडाचा वेगळा भाग आणि घेण्याची वेगळी रीत.

बंगालमध्ये तर गांजाच्याच तीन पोटजाती कागदोपत्री होत्या. राजशाही जिल्ह्यातल्या नौगावच्या परिसरात सरकारी देखरेखीखाली गांजा पिके. तो पायाखाली तुडवून चपटा केला की चपटा गांजा, वळून गोल केला की गोल गांजा, आणि या खटपटीत गळून पडलेला फुलोऱ्याचा चुरा तो चूर. तिन्हींवर शेरामागे कर वेगवेगळा. चपट्याला सर्वांत कमी, चुऱ्याला सर्वांत जास्त. यामागचं कारण गमतीचं आहे. चपट्यात काड्या जास्त असतात, गोलमध्ये कमी, चुऱ्यात जवळजवळ नाहीतच. शेरभर काडीवर शेरभर फुलाइतका कर लावला तर खातं बुडेल. म्हणून हे वर्गीकरण. गिऱ्हाइकाला कळावं म्हणून नव्हे, तिजोरीला तोटा होऊ नये म्हणून यादी स्वच्छ झाली होती. तरी फायदा गिऱ्हाइकालाही झाला असणार: नाव ऐकलं की काडी किती आणि माल किती याचा अंदाज येई.

१८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत विल्यम केन या मद्यपानविरोधी खासदाराने हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न काढला आणि त्यातून इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन जन्मलं. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष. सात सदस्य, त्यांत तीन हिंदी: ताहिरपूरचे राजे, कपूरथळ्याच्या घराण्यातले कुंवर हरनाम सिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. मुसलमान एकही नाही. ११९३ साक्षी झाल्या, १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल आला. बेतशीर वापराने सहसा फार नुकसान होत नाही, अतिवापराने होतं, सरसकट बंदी नको, पण परवाने, कर आणि जवळ बाळगण्याच्या मालावर मर्यादा हवी, हा त्याचा साधारण सूर.

या अहवालाचं मोठं काम माझ्या मते वेगळंच आहे. गांजाने माणूस वेडा होतो, ही त्या काळची सरकारी समजूत होती आणि पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांची आकडेवारी दाखवली जाई. कमिशनने ते रजिस्टर उघडून एकेक नोंद तपासली. १८९२ मध्ये इस्पितळांत दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलं होतं. तपासल्यावर त्यातली ९८ टिकली. उरलेल्या नोंदी कशा झाल्या होत्या? रुग्णाबरोबर आलेल्या पोलिसाच्या कागदावरून. ‘कारण’ नावाचा रकाना होता, तो रिकामा ठेवणं बरं दिसत नव्हतं, आणि गांजा हे सोयीचं उत्तर होतं. रकाना नीटनेटका, आखीव, एका नजरेत वाचता येणारा. आतला मजकूर मात्र अंदाजपंचे.

या कमिशनच्या कागदांत मुंबईचे एक टिपण आहे, जे. एम. कॅम्पबेल यांचं. ते मुंबईत जमीन महसूल, कस्टम आणि अफू खात्याचे कलेक्टर होते आणि मुंबई गॅझेटियरचे संपादक म्हणून आपल्या इतिहासवाल्यांना ठाऊक आहेत. भांगेला हिंदूंच्या धर्मजीवनात काय स्थान आहे हे त्यांनी सविस्तर लिहिलंच, पण मुसलमानांबद्दलही लिहिलं. भांगेत वास करणारा आत्मा मुसलमान भाविकाच्या लेखी खिज्र पैगंबरांचा, असं ते नोंदवतात. खिज्र म्हणजे हिरवा. ख्वाजा खिज्र माहीत नाहीत असं आपल्याकडे कोण आहे? पण भांगेच्या पेल्याशी त्यांचं नाव जोडणारा फकीर आणि मशिदीत त्याच भांगेविरुद्ध वाज करणारा मौलवी एकाच गावात राहत होते. कमिशनवर मुसलमान सदस्य असता तर त्याने हा विरोध नीट मांडला असता. तो नव्हता, म्हणून अहवालात तकियातला फकीर ठळक आहे आणि मौलवी अंधुक. ही माझी तक्रार शंभर वर्षं उशिराची आहे, पण आहे.

नौगावची पुढची गोष्ट थोडक्यात. १९१७ मध्ये तिथल्या गांजा-शेतकऱ्यांनी सहकारी सोसायटी काढली. मुस्लिम बहुसंख्येच्या जिल्ह्यातल्या त्या सोसायटीच्या नफ्यातून शाळा आणि दवाखाने चालले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशात लागवड बंद झाली. इकडे मुंबई प्रांतात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारूबरोबर भांग-गांजालाही कवेत घेतलं, आणि देशभरासाठी १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला. त्यात गांजा आणि चरस बसले. फुलोऱ्याविना नुसतं पान आणि बी वगळलं गेलं. तीन ओळींच्या यादीतली एकच ओळ उरली.

यादीचं पुढचं पान उघडलं ते हॉलंडमध्ये.

१९७६ मध्ये डच संसदेने अफू कायदा बदलून जहाल आणि सौम्य नशा वेगळ्या केल्या. गांजा-हशीश बेकायदाच राहिले, पण थोड्या विक्रीवर खटला भरायचा नाही असं धोरण झालं. त्याआधीच अॅमस्टरडॅममध्ये ‘मेलो यलो’सारखी ठिकाणं सुरू झाली होती, त्यांना कॉफीशॉप म्हणू लागले. पुढे नियम ठरले: जाहिरात नको, जहाल नशा नको, शेजाऱ्यांना त्रास नको, अल्पवयीन नको, मोठा साठा नको. १९९६ पासून एका गिऱ्हाइकाला एका वेळी पाचच ग्रॅम आणि वय किमान अठरा.

यातल्या पहिल्या नियमाने यादीचं काय झालं पाहा. भिंतीवर यादी लावली तर ती जाहिरात ठरू शकते. म्हणून ती काउंटरखाली गेली. मागितली तरच हातात पडते. काही दुकानांत ती काचेआड असे आणि बटण दाबून धरलं तरच तिच्यावर दिवा लागे. बोट काढलं की अंधार. गिऱ्हाइकाने स्वतःहून पाहिलं, दुकानदाराने दाखवलं नाही, असा त्यामागचा कायदेशीर बारकावा. हे ऐकून आपल्याला हसू येतं. मला मात्र यात एक शहाणपणही दिसतं. ही यादी कुणाला भुलवायला लिहिलेली नव्हती, म्हणून ती भडकही झाली नाही. बहुतेकदा लॅमिनेट केलेला एक कागद, डावीकडे गांजा, उजवीकडे हशीश, पुढे किंमत.

त्या उजव्या रकान्यातली नावं वाचावीत. मोरोक्को. केतामा. लाल लेबनॉन, पिवळा लेबनॉन. अफगाण. मझार. नेपाळ आणि मनालीसारखे अपवाद सोडले तर ही मुस्लिम मुलुखांची यादी आहे. केतामा म्हणजे रीफ डोंगरातला एक गरीब इलाखा. लेबनॉनचा माल बका खोऱ्यातला. मझार म्हणजे मझार-ए-शरीफ, हजरत अलींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दर्ग्याचं शहर. त्याचं नाव एका नशेच्या ओळीत, ग्रॅमच्या भावापुढे. अॅमस्टरडॅमच्या गिऱ्हाइकाला त्या नावामागे दर्गा आहे हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याच्यासाठी ती चव होती, जसा आपल्याकडे कोल्हापुरी रस्सा.

त्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात मुस्लिम जगाची गांजाशी जोडलेली दुसरी एक गोष्ट मात्र असण्याची शक्यता बरीच होती, ती म्हणजे हशीश पिऊन खून करणाऱ्या ‘असॅसिन’ पंथाची दंतकथा. निझारी इस्माइलींविषयीची ही कथा सिल्व्हेस्त्र द सासी या फ्रेंच विद्वानाने १८०९ मध्ये शब्दव्युत्पत्तीच्या आधारे मांडली आणि हॅरी अॅन्सलिंगर या अमेरिकी अधिकाऱ्याने १९३७ मध्ये गांजाविरोधी लेखाच्या शीर्षकातच वापरली. निझारी फिदायी हशीश घेत असल्याचा समकालीन पुरावा नाही. विरोधकांनी दिलेली ती शिवी होती. पण शिवी टिकली. इब्न तैमिया आणि झरकशींनी याच नशेविरुद्ध पानंच्या पानं लिहिली, ते कुणाला माहीत नाही.

डच यादीचा खरा दोष वेगळा होता. दुकानाच्या पुढच्या दारातून विक्री चालवून घेतली जाई, मागच्या दारातून येणारा माल पूर्ण बेकायदा. त्यामुळे यादीवर ‘केतामा’ लिहिलं तरी तो केतामाचाच कशावरून, त्यात कीटकनाशक किती, जोर किती, याची हमी देणारं कुणीच नव्हतं. मुहतसिबाला पुढच्या दारात उभं केलं होतं आणि भेसळ झाली तर मागे होणार होती.

अमेरिकेत हा दोष दूर झाला, पण दुसरे आले. कोलोरॅडोने २०१२ च्या सार्वमतात गांजा कायदेशीर केला आणि १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. पीक, कारखाना, दुकान, सगळं परवान्याखाली. प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची. आता यादी स्वच्छ आणि खरी व्हायला हरकत नव्हती. पण धंदा म्हटला की स्पर्धा आली, आणि स्पर्धा आली की नावं फुटतात. बिस्किटांची नावं, फळांची नावं, कार्टूनची नावं. ‘गोरिला ग्लू’ नावाच्या प्रकारावर त्याच नावाच्या गोंदाच्या कंपनीने २०१७ मध्ये दावा लावला आणि ते नाव मागे घ्यावं लागलं. काहिराच्या बाजारात पोलिसांपासून लपायला टोपणनावं होती. डेन्व्हरच्या बाजारात उठून दिसायला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फरक काहीच नाही. नाव वाचून माल कळत नाही.

मग यादी आटोपशीर करायची कशी? धंद्याने एक सोपी विभागणी धरली: सॅटिव्हा, इंडिका आणि दोन्हींची मिसळण. सॅटिव्हा म्हणजे तरतरी, इंडिका म्हणजे सुस्ती. रंग ठरवले, रकाने आखले. जगभरच्या दुकानांत आज हीच मांडणी दिसते. यातला ‘इंडिका’ हा शब्द आपला आहे. लिनियसने १७५३ मध्ये गांजाच्या झाडाला ‘सॅटिव्हा’ नाव दिलं. १७८५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने हिंदुस्थानातून आलेल्या नमुन्यांवरून हे वेगळं झाड आहे असं ठरवून ‘इंडिका’ म्हटलं. तो झाडाची ठेवण आणि पानं-खोड बघत होता, सुस्तीचा आणि तरतरीचा हिशेब दुकानदारांनी नंतर चिकटवला. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये या लेबलांची तुलना झाडांच्या जनुकांशी केली, तेव्हा लेबल आणि वंश यांचा मेळ बसला नाही. काही मोजक्या गंधद्रव्यांशी तेवढं नातं सापडलं.

म्हणजे पुन्हा वेड्यांच्या इस्पितळाचं रजिस्टर. सुबक रकाने, चुकीच्या नोंदी. सुटसुटीत यादीची ही भुरळ धोक्याची असते, कारण गचाळ यादीवर माणूस शंका घेतो, आखीव यादीवर घेत नाही. नौगावची चपटा-गोल-चूर ही विभागणी गावठी वाटते, पण तिच्यामागे मोजता येणारी गोष्ट होती, काडीचं प्रमाण. सॅटिव्हा-इंडिकाच्या मागे तसं काही नाही.

आणि खाण्याच्या मालाने तर पहिल्याच वर्षी घोटाळा केला. चिलमीचा झुरका मिनिटांत जाणवतो. पोटात गेलेल्या गांजाला तास-दोन तास लागतात. नवखा माणूस चॉकलेटचा तुकडा खातो, काही झालं नाही म्हणून आणखी खातो. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्तंभलेखिका मॉरीन डाउड यांनी जून २०१४ मध्ये हा अनुभव लिहिला. डेन्व्हरच्या हॉटेलात थोडं चॉकलेट खाल्लं आणि आठ तास त्या भीतीने गोठून पडल्या. नवख्याने त्या वडीचे सोळा तुकडे करून एक खायचा असतो, हे त्यांना नंतर कळलं; वेष्टनावर ते नव्हतं. त्या लेखाची पुष्कळ टवाळी झाली. पण त्या वेष्टनात आणि मकरीझीच्या उकद्यात मला फारसं अंतर दिसत नाही.

कोलोरॅडोने त्यातून धडा घेतला. टीएचसी, म्हणजे नशेचं मुख्य द्रव्य, खाण्याच्या मालात एका वाट्याला दहा मिलिग्रॅम आणि अख्ख्या पुड्यात शंभर, ही मर्यादा होतीच. २०१५ पासून वाटे वेगळे करून किंवा स्पष्ट खुणेने दाखवणं सक्तीचं झालं. २०१६ पासून ‘कँडी’ हा शब्द वापरायला बंदी आली. कॅनडाने २०१८ मध्ये विक्री सुरू करताना आणखी पुढचं पाऊल टाकलं: साधं वेष्टन, लाल खूण, पिवळ्या चौकटीत इशारा, आणि २०१९ मध्ये खाण्याचा माल आला तेव्हा पूर्ण पुड्यालाच दहा मिलिग्रॅमची मर्यादा. गांजाच्या यादीच्या इतिहासात ‘एका वाट्याला इतके मिलिग्रॅम’ या रकान्याइतकी प्रामाणिक गोष्ट मला दुसरी आढळली नाही. त्यात वर्णन नाही, वचन नाही, मोजमाप आहे.

पण मोजणारा कोण? कोलोरॅडोत फुलांच्या वेष्टनावर टीएचसीची टक्केवारी छापतात. जास्त टक्का, जास्त भाव. तपासणीची प्रयोगशाळा निवडतो उत्पादक आणि पैसेही तोच देतो. २०२३ मध्ये तिथल्या संशोधकांनी दुकानांतून नमुने विकत घेऊन तपासले, तेव्हा बहुतेकांत टीएचसी छापल्यापेक्षा बरंच कमी निघालं. शैझरीला हे वाचून आश्चर्य वाटलं नसतं. वजनं व्यापाऱ्याच्या ताब्यात ठेवली तर ती हलकी होतातच, म्हणून तर बेसावध वेळी तपासणी.

सर्वांत छोटी यादी उरुग्वेची. या लहानशा देशाने डिसेंबर २०१३ मध्ये कायदा केला आणि जुलै २०१७ मध्ये औषधाच्या दुकानांतून विक्री सुरू केली. सोळा दुकानं, बोटाचा ठसा देऊन नोंदणी, आठवड्याला दहा ग्रॅमची मर्यादा, पाच ग्रॅमची पुडी, सरकारने ठरवलेला एकच भाव. आणि यादीवर दोन ओळी: अल्फा एक, बीटा एक. चव नाही, फळ नाही, दर्गा नाही. नावातून काही सूचित होऊ नये म्हणून ग्रीक अक्षरं. ती वाचून कुणालाही विकत घ्यावंसं वाटू नये, अशीच त्यांची इच्छा असावी. माल सौम्य होता, लोकांनी कुरकुर केली, कित्येकांनी जुनी वाट सोडली नाही, तेव्हा २०२२ मध्ये जास्त जोराचा गामा आणावा लागला. यादी लांबली ती एका ओळीने, आणि ती ओळ का आली हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं अजून आहेत. १९८५ च्या कायद्यातून सुटलेलं ते पान. फलकावर ‘सरकारी’ हा शब्द मोठा असतो. पेल्यात किती पडतं ते मात्र घोटणाऱ्याच्या हातावर.

आणि त्या डच यादीतला उजवा रकाना आता बदलतोय. हॉलंडमधल्या दहा नगरपालिकांत मागच्या दाराचा घोळ मिटवण्यासाठी प्रयोग चालू आहे: परवानाधारक डच उत्पादकांनी पिकवलेला, तपासलेला, लेबल लावलेला मालच तिथल्या कॉफीशॉपनी विकायचा. २०२३ च्या डिसेंबरात ब्रेडा आणि टिलबर्ग इथे सुरुवात झाली, २०२५ पासून नियम पूर्ण लागू झाला. गांजाची सोय लवकर झाली, हशीशची होईना; मोरोक्कोसारखा हात इथल्या कारखान्यांना साधत नाही, अशी दुकानदारांची तक्रार होती. तिकडे मोरोक्कोने २०२१ मध्ये औषधी आणि औद्योगिक वापरापुरती लागवड कायदेशीर केली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राजे मोहम्मद सहावे यांनी गांजा-लागवडीच्या गुन्ह्यांत अडकलेल्या ४८०० हून अधिक लोकांना माफी दिली. पन्नास वर्षं ज्यांच्या गावाचं नाव अॅमस्टरडॅमच्या काउंटरखाली छापलेलं होतं, त्यातले कित्येक इतकी वर्षं वॉरंटच्या भीतीने तालुक्याच्या गावी कागदपत्रं काढायलाही जात नव्हते.